घोड्याचा गोचीडताप: गोव्यात रक्ततपासणी कशी करून घ्यावी आणि वाहतुकीचा दाखला कसा काढावा

लग्नाच्या हंगामासाठी बेळगाव-कोल्हापूरकडून घोडा आणायचा असो की इथला घोडा घाटावर विकायचा असो, सोबत पशुवैद्याचा आरोग्य दाखला लागतो. त्यावर 'संसर्गजन्य रोग नाही' असं लिहिलेलं असतं. घेणाऱ्याला वाटतं, रक्त तपासूनच लिहिलं असणार. तसं नसतं. जनावर डोळ्यांनी पाहून आणि ताप मोजून दिलेलं ते त्या दिवसाचं मत असतं. गोचीडताप मात्र धडधाकट दिसणाऱ्या घोड्याच्या रक्तातही वर्षानुवर्षं असू शकतो. त्यामुळे चाचणी वेगळी मागावी लागते, आणि तीही दाखला काढण्याआधी.

आजार कोणता?

शास्त्रीय भाषेत याला इक्वाइन पायरोप्लाज्मोसिस म्हणतात. थायलेरिया इक्वाय आणि बबेसिया कॅबाली हे दोन परजीवी तो घडवतात. दोन्ही गोचिडीतून शिरतात आणि तांबड्या रक्तपेशी फोडतात. लागण झाल्यावर थायलेरियाची लक्षणं साधारण १२ ते १९ दिवसांत दिसतात, बबेसियाची १० ते ३० दिवसांत. अंग तापतं, कधी ४० अंश सेल्सिअसच्या वर. घोडा दाणा सोडतो, डोळ्यांच्या कडा आधी फिक्या आणि मग पिवळ्या पडतात, पाय सुजतात, लघवी तांबूस होते. गाभण घोडी गाभडू शकते.

उपचाराने घोडा उभा राहतो, पण थायलेरिया बहुधा जन्मभर रक्तात राहतो. बबेसिया काही वर्षांत निघून जाऊ शकतो. लस उपलब्ध नाही. एकच सुई दोन घोड्यांना टोचली तरी रोग पसरतो, त्यामुळे 'टॉनिकच्या इंजेक्शना'साठी तबेल्यात फिरणाऱ्या सुईवर गोचिडीइतकीच नजर ठेवा.

सत्तरीत गोचीड म्हटलं की २०१५ पासूनचा माकडताप आठवतो. तो विषाणूचा आजार आहे आणि त्याची गोचीडही वेगळी. दोन्हींची गल्लत करून घोडेवाल्याला वाड्याबाहेर काढण्याचं कारण नाही.

अर्ज कोणी करायचा?

घोड्याचा मालक किंवा घोडा ज्याच्या ताब्यात आहे ती व्यक्ती अर्ज करू शकते. मालक दुसऱ्या राज्यात आणि घोडा इथल्या सांभाळणाऱ्याकडे असेल, तर मालकाचं सहीचं पत्र जोडा. एक गैरसमज मात्र आधीच दूर केलेला बरा. कामधेनूसारख्या योजना दुभत्या जनावरांसाठी आहेत. त्या फायलीतली कागदपत्रं इथे उपयोगी पडत नाहीत आणि घोड्याच्या तपासणीचा खर्च त्या योजनेतून मिळेल, ही आशाही धरू नका.

अर्ज जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यायचा. तिसवाडीत टोंक, सासष्टीत सोनसोडो इथे मोठी रुग्णालयं आहेत. पेडणे, डिचोली, सत्तरीकडच्यांनी आधी आपल्या तालुक्याचा दवाखाना गाठावा. पशुसंवर्धन व पशुवैद्यकीय सेवा संचालनालय पणजीत पाटो इथे आहे, पण पहिल्याच दिवशी तिथे धावण्यात अर्थ नाही. घोडा पाहणारा डॉक्टर दवाखान्यातच असतो.

सोबत काय न्यायचं?

साध्या कागदावरचा अर्ज, ओळखपत्राची प्रत, घोडा विकत घेतल्याची पावती किंवा करारपत्र, आणि लसीकरण व उपचारांच्या चिठ्ठ्या. खरी अडचण येते ती घोड्याची ओळख पटवताना. 'तांबडा घोडा, वय सहा' एवढ्यावर कोणताही अहवाल उद्या तुमच्याच घोड्याचा आहे हे सिद्ध होत नाही. शर्यतीच्या जातिवंत घोड्यांची नोंद पुण्याच्या स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडियाकडे असते आणि त्यांना पासपोर्ट असतो. तो असेल तर मूळ प्रत न्या. नसेल तर मायक्रोचिपचा नंबर द्या. तोही नसेल तर डाव्या-उजव्या बाजूचे आणि तोंडाचे स्वच्छ फोटो द्या आणि कपाळावरचा टिळा, पायांवरचं पांढरं, भोवरे, डाग हे सगळं डॉक्टरांकडून लिहून घ्या. तेच वर्णन अर्जावर, नमुन्याच्या बाटलीवर आणि दाखल्यावर शब्दशः एकच हवं.

नमुना आणि चाचणी

रक्त नोंदणीकृत पशुवैद्यानेच काढायचं. दोन नमुने घेतले जातात: एक न गोठणारं रक्त, ईडीटीएच्या नळीत, आणि दुसरा सीरम, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ दिल्यावर वेगळं होणारं पिवळसर पाणी. काचपट्टीवर रक्ताचा थर देऊन, गिम्सा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं ही सर्वांत स्वस्त आणि झटपट तपासणी. ताप चढलेला असताना ती उत्तम. पण जुन्या वाहक घोड्यात, म्हणजे रोग अंगात असून लक्षणं न दाखवणाऱ्या घोड्यात, परजीवी इतके विरळ असतात की काचपट्टी हमखास फसवते. 'स्लाइड निगेटिव्ह' एवढ्यावर घोडा विकत घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. सीरमवर एलायझा (शरीराने रोगाविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं शोधणारी चाचणी) किंवा रक्तावर पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी) मागा. औषध आधीच दिलं असेल तर अर्जात तारखेसह लिहा, कारण औषधानंतर रक्तातले परजीवी घटतात, प्रतिपिंडं मात्र राहतात, आणि दोन चाचण्यांचे निकाल जुळेनासे होतात.

अशा चाचण्यांसाठी देशातली मुख्य संस्था म्हणजे हरियाणात हिसार इथलं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र, १९८५ सालचं. नमुना पाठवायचा तो दवाखान्याच्या पत्रासह, बर्फाच्या पिशव्यांत, गळणार नाही अशा दुहेरी वेष्टनात. न गोठलेलं रक्त फ्रीजरमध्ये ठेवू नका, पेशी फुटतात. शनिवार-रविवार कुरिअरमध्ये पडून राहील अशा बेताने शुक्रवारी पाठवू नका. शुल्क आणि चाचण्यांची यादी केंद्राकडून आधी विचारून घ्या. पाठवतोच आहोत तर घोड्यांच्या आणखी दोन संसर्गजन्य रोगांची, म्हणजे ग्लँडर्स आणि इक्वाइन इन्फेक्शस अॅनिमियाची चाचणीही त्याच नमुन्यावर मागावी. ग्लँडर्स माणसालाही होतो.

कळवण्याची जबाबदारी

प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत हा आजार आहे. शंका आली तरी मालकाने किंवा सांभाळणाऱ्याने गावच्या अधिकाऱ्याला किंवा पंचायतीला कळवायचं असतं आणि तिथून माहिती पशुवैद्याकडे जाते. व्यवहारात थेट दवाखान्यात लेखी द्या आणि पोच घ्या. घोडा वेगळा बांधणंही मालकाचंच काम.

प्रवासाचा दाखला

प्राणी वाहतूक नियम, १९७८ प्रमाणे घोडा, खेचर किंवा गाढव रस्त्याने, रेल्वेने किंवा जहाजाने नेताना पात्र पशुवैद्याचा दाखला सोबत हवाच. घोडा प्रवासाला योग्य आहे आणि त्याला संसर्गजन्य रोग नाही, हे त्यात येतं. तपासणी निघण्याआधीच्या १२ तासांतली असावी लागते. म्हणजे सोमवारी दाखला काढून गुरुवारी गाडी भरली तर पत्रादेवी किंवा मोलेच्या नाक्यावर हुज्जत घालण्यात अर्थ नाही. मालवाहू गाडीत चार ते सहापेक्षा जास्त घोडे भरता येत नाहीत. पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहिलेली ठळक चिठ्ठी आणि प्रथमोपचाराची पेटी सोबत असावी. रक्ताचा अहवाल हे नियम मागत नाहीत. तो घेणाऱ्याने मागायचा. (शिगम्यातल्या घोडेमोडणी नाचातल्या खोट्या घोड्यांना यातलं काहीच लागत नाही, हे त्यांचं भाग्य.)

परदेशी पाठवायचा असेल तर प्रकरण वेगळं. ज्या देशात घोडा जायचा त्या देशाच्या अटी आधी लेखी मिळवा आणि मग केंद्र सरकारच्या पशु विलगीकरण व प्रमाणन सेवेच्या मुंबई कार्यालयाशी बोला. अनेक देशांना या दोन्ही परजीवींसाठी निगेटिव्ह अहवाल लागतो. मेरठ छावणीतल्या लष्कराच्या अश्वकेंद्राला ३ जुलै २०२५ रोजी जागतिक पशुआरोग्य संघटनेने रोगमुक्त कक्ष म्हणून मान्यता दिली, त्यात पायरोप्लाज्मोसिसही आहे. ती मान्यता त्या आवारापुरती आहे. गोव्यातल्या घोड्याला तिचा आधार घेता येत नाही.

अहवाल पॉझिटिव्ह आला तर

घाबरून घोडा विकून टाकू नका आणि अहवाल लपवून तर मुळीच नको. ग्लँडर्समध्ये दयामरणाची वेळ येते, इथे तसं नाही. आजारी घोड्याला इमिडोकार्बसारखं औषध डॉक्टर देतात. मात्रा त्यांनीच ठरवायची, गाढवाला तर ते आणखी जपून द्यावं लागतं. दिसायला ठणठणीत वाहकाला वेगळी सुई, वेगळा खरारा आणि नियमित गोचीडनाशक लागतं. कान, आयाळीचं मूळ, शेपटीखालचा भाग आणि जांघा रोज हाताने चाचपून पाहायच्या.