पॅरिसमध्ये फिरताना: आमच्या प्रवाशांसाठी सुरक्षिततेविषयी माहितीपत्रक

आमच्या सहलीतून किंवा आम्ही आखून दिलेल्या कार्यक्रमानुसार स्वतंत्रपणे पॅरिसला जाणाऱ्या प्रवाशांसाठी हे पत्रक तयार केले आहे. निघण्यापूर्वीच्या बैठकीत पहिला प्रश्न थंडीचा असतो, दुसरा शाकाहारी जेवणाचा आणि तिसरा, जरा हळू आवाजात, 'तिथे चोऱ्या फार होतात म्हणे?' असा असतो. होय, होतात. मात्र पर्यटकाच्या वाट्याला येते ती बहुधा मारहाण किंवा लूटमार नसून पाकीटमारी असते, आणि खिशाला हात लागण्याआधी आपले लक्ष दुसरीकडे वळवले गेलेले असते. हे वळवणे कसे होते ते माहीत असले, तर निम्मी काळजी घरीच मिटते.

सर्वाधिक सावध राहण्याची जागा म्हणजे मेट्रो, आणि त्यातही लूव्र व शाँज एलिझे या भागांतून जाणारा १ क्रमांकाचा मार्ग, आयफेल टॉवरजवळून जाणारे ६ आणि ९ क्रमांकाचे मार्ग, तसेच शार्ल द गोल विमानतळावरून शहरात येणारी 'आरईआर बी' ही लोकल. गाडीत चढताना पुढचा माणूस दारातच अडखळल्यासारखा थांबतो, मागून दोघे-तिघे ढकलतात, आपण 'अहो, जरा सरका' म्हणेपर्यंत खांद्यावरच्या पर्सची चेन उघडलेली असते. दुसरा प्रकार याहून झटपट आहे. दारे मिटण्याआधी भोंगा वाजतो. दाराशी उभ्या असलेल्या प्रवाशाच्या हातातला मोबाइल त्याच क्षणी हिसकावला जातो आणि चोर फलाटावर, आपण मिटलेल्या दारांच्या आत. आमच्या एका सहलीतील काकांचा मोबाइल असाच गेला. ते स्थानकाचे नाव नकाशाशी ताडून पाहत होते, एवढेच त्यांचे चुकले. म्हणून नकाशा फलाटावर, भिंतीला पाठ लावून पाहावा. डब्यात शक्यतो दारापासून दूर उभे राहावे. पाठीवरची सॅक पोटाशी घ्यावी. आणि पाकीट पँटच्या मागच्या खिशात कधीही ठेवू नये. तिकीट मात्र बाहेर पडेपर्यंत जपून ठेवावे, कारण तपासनीस अनेकदा बाहेर पडण्याच्या वाटेवरच उभे असतात आणि तिकीट न दाखवणाऱ्याला दंड करतात.

रस्त्यावरचे सापळे वेगळे आहेत. मोंमार्त्रच्या टेकडीवर साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांखाली काही तरुण उभे असतात. ते गप्पा मारता मारता आपल्या मनगटावर रंगीत दोऱ्याचे कडे विणून गाठ मारतात आणि मग त्याचे पैसे मागतात. 'इंडिया? नमस्ते!' अशी हाक परदेशात ऐकू आली की आपल्याला बरे वाटते आणि हात आपोआप पुढे होतो. तो खिशात ठेवावा. लूव्रच्या आसपास हातात पॅड घेतलेल्या मुली मूकबधिरांसाठीच्या निवेदनावर सही मागतात. आपण वाकून सही करत असताना पॅडच्या आडून दुसरीचा हात पर्समध्ये शिरतो. सीन नदीच्या काठाने चालताना कोणी आपल्या पायाशी 'सापडलेली' सोन्याची अंगठी दाखवेल. ती पितळेची असते. आयफेल टॉवरजवळ तीन वाट्या आणि एक गोळी असा खेळ मांडलेला दिसेल, आणि त्यात जिंकणारी माणसे खेळ मांडणाऱ्याचीच असतात. समोरच्याने काही विचारले तर उत्तर न देणे आपल्याकडे उद्धटपणाचे मानले जाते, ज्येष्ठ प्रवाशांना तर ते फारच जड जाते. तरीही येथे 'नाँ, मेर्सी' (नको, धन्यवाद) एवढे म्हणून चालत राहावे. त्यात कोणाचा अपमान होत नाही.

विमानतळाच्या आत येऊन 'टॅक्सी, टॅक्सी' म्हणणाऱ्या कोणाही सोबत जाऊ नये. अधिकृत टॅक्सी बाहेरच्या रांगेतच मिळते आणि तिच्या टपावर दिवा असतो: हिरवा म्हणजे मोकळी, लाल म्हणजे भरलेली. शार्ल द गोल विमानतळापासून शहरात येण्याचे भाडे ठरलेले असून २०२५ मध्ये ते सीनच्या उत्तरेकडील उजव्या काठासाठी ५६ युरो आणि दक्षिणेकडील डाव्या काठासाठी ६५ युरो होते. हे भाडे माणशी नसून संपूर्ण टॅक्सीचे आहे. वाटेत वाहतूक तुंबली की थांबलेल्या गाडीची काच फोडून आसनावरची बॅग पळवण्याचे प्रकार या रस्त्यावर घडलेले आहेत, तेव्हा हातातली बॅग मांडीवर किंवा शेजारी न ठेवता पायाशी ठेवावी.

रस्ता ओलांडताना आपली नजर सवयीने आधी उजवीकडे जाते. फ्रान्समध्ये वाहने उजव्या बाजूने चालत असल्याने ती आधी डावीकडून येतात. सायकलींच्या मार्गिकांवर तर दोन्हीकडे पाहावे. रिव्होली मार्गावरून सायकली आवाज न करता आणि चांगल्याच वेगात येतात.

दागिने घरी ठेवून यावे, ही आमची आग्रहाची विनंती आहे. मंगळसूत्र घालायचेच असेल तर काळ्या मण्यांचे साधे घालावे. रोख रक्कम आणि कार्डे एकाच ठिकाणी ठेवू नयेत. पती-पत्नींनी वेगवेगळ्या बँकांची कार्डे आपापल्याजवळ ठेवावीत. फ्रान्समध्ये ५० युरोपर्यंतची रक्कम पिन न टाकता, कार्ड केवळ यंत्राला टेकवून देता येते, आणि ही सोय चोरालाही तितकीच उपयोगी पडते. म्हणून निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातील वापराची मर्यादा कमी करून घ्यावी. २०२४ पासून आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठी यूपीआय चालते, पण त्यामुळे मोबाइल हरवला की पाकीटही हरवते, हे विसरू नये.

पासपोर्टची गोष्ट सर्वांत गंभीर आहे. मूळ पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून छायाप्रत जवळ बाळगावी, असे आम्ही सुचवतो. मुक्काम बदलण्याच्या दिवशी तो कपड्यांच्या आतील पाऊचमध्ये असावा. पोलिसांना मूळ कागदपत्र मागण्याचा अधिकार आहे, पण रस्त्यात गाठून पाकीट दाखवायला सांगणारा साध्या वेशातील 'पोलीस' बहुधा तोतया असतो. पासपोर्ट गेलाच, तर आधी जवळच्या पोलीस ठाण्यात, म्हणजे 'कोमिसारिया'त, तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी, कारण विमा कंपनी आणि भारतीय दूतावास दोघेही ती मागतात. दूतावास सोळाव्या विभागात, ला म्युएत मेट्रो स्थानकाजवळ आहे. तेथे मिळणारे इमर्जन्सी सर्टिफिकेट केवळ भारतात परतण्यापुरते असते. पुढे स्वित्झर्लंडचा कार्यक्रम असला तरी तो तेथेच संपतो.

मदतीसाठी ११२ हा क्रमांक कोणत्याही मोबाइलवरून मोफत लागतो. पोलिसांसाठी १७, रुग्णवाहिकेसाठी १५ आणि अग्निशमन दलासाठी १८ हे क्रमांक आहेत. गर्दीत चोराला ओरडून थांबवायचे असेल तर 'ओ व्होलर!' म्हणावे; मात्र त्याच्या मागे धावू नये. आपली बॅग फलाटावर सोडून फोटो काढायला जाऊ नये, कारण बेवारस सामान दिसताच स्थानक रिकामे करून मेट्रो थांबवली जाते.

या पत्रकाच्या मागील बाजूस काही ओळी रिकाम्या ठेवल्या आहेत. त्यांत हॉटेलचे नाव व पत्ता, पासपोर्ट व विमा पॉलिसीचा क्रमांक, बँकेचा कार्ड बंद करण्याचा दूरध्वनी क्रमांक आणि आपल्या सहल व्यवस्थापकाचा क्रमांक पेनाने लिहावा, आणि हा कागद मोबाइलपासून वेगळा ठेवावा.