रोशा तेल

रोशा किंवा तिखाडी या सुगंधी गवतापासून काढलेले बाष्पनशील तेल. याला तेल म्हणतात ते सवयीने. तिळाच्या तेलाचा थेंब कागदावर पडला की डाग राहतो. रोशाचा थेंब उडून जातो, मागे वास तेवढा रेंगाळतो.

रोशा (सिंबोपोगॉन मार्टिनी) गवती चहाच्याच प्रजातीतला. खानदेश, विदर्भ आणि निमाडच्या डोंगरउतारांवर तो आपोआप उगवतो. लखनौच्या जनरल क्लॉड मार्टिन यांनी टिपूविरुद्धच्या युद्धाच्या काळात याचे बी जमवले, म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी नावात मार्टिन घातला. याचे मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार आहेत. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखेच, पण गुलाबाचा वास मोतियाला; सोफियाचे तेल उग्र आणि स्वस्त. मोतियाच्या तेलात ७५ ते ९० टक्के जिरॅनिऑल, म्हणजे गुलाबाचा वास देणारे द्रव्य असते. हे द्रव्य प्रथम वेगळे केले गेले तेही याच तेलातून, १८७१ मध्ये.

पावसाळा सरता सरता गवत फुलोऱ्यावर येते, तेव्हा कापणी होते. तेल मुख्यतः फुलोऱ्यात आणि पानांत असते, दांड्यात नाममात्र. गवत भट्टीवरच्या भांड्यात भरून वाफ देतात. वाफेबरोबर तेल निघते आणि थंड झाल्यावर पाण्यावर तरंगते. साधारण २०० ते ३०० किलो गवतामागे एक किलो तेल मिळते. तेल निघून गेलेले गवत वाळवून त्याच भट्टीला जळण म्हणून घालतात.

या तेलाचा इतिहास मात्र भेसळीचा आहे. एक किलो गुलाबतेलाला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. हा हिशेब व्यापाऱ्यांना न सुचता तरच नवल. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून रोशा तेल तांबड्या समुद्रामार्गे इस्तंबूलला जाई. तिथे ते उन्हात ठेवून फिकट करत आणि गुलाबतेलात मिसळत; कधी तर वाफेने गुलाबतेल काढण्याआधी पाकळ्यांवरच शिंपडत. युरोपच्या बाजारात त्याला ‘तुर्की जिरॅनियम तेल’ म्हणत, म्हणजे नावातूनही खानदेश गायब. गंमत अशी, की या भेसळीच्या मालातही टर्पेंटाइन, रॉकेल किंवा खोबरेल मिसळलेले सापडे. खोबरेल पकडणे त्यातल्या त्यात सोपे: शुद्ध रोशा तेल ७० टक्के अल्कोहोलात विरघळते, खोबरेल विरघळत नाही.

आज ते साबण, अत्तरे आणि तंबाखूच्या सुवासासाठी, तसेच जिरॅनिऑल वेगळे काढण्यासाठी वापरतात. सांधेदुखीवर चोळण्याची आणि डास पळवण्यासाठी अंगाला लावण्याची चाल जुनी आहे. चोळायचे तर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात थोडेसेच घालून. तसेच लावल्यास कातडीची आग होऊ शकते.