शब्द कुठे संपतो?

कित्येक कोड एडिटरांत, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरांत, फाइल उघडायची किंवा एखादी आज्ञा द्यायची, की खाली एक छोटी ओळ येते. ही ओळ म्हणजे प्रॉम्प्ट. समजा, तिथे फोल्डरांची चार नावं तिरप्या रेघांनी जोडून लांब पत्ता टाइप केला आणि शेवटचं नाव चुकलं. आता मागचा एक शब्द पुसायचा आहे. पण शब्द म्हणजे किती?

बॅश शेलमध्ये, म्हणजे संगणकाला आज्ञा टाइप करून द्यायच्या एका प्रोग्राममध्ये, याची दोन उत्तरं आहेत. कंट्रोल-डब्ल्यू मोकळ्या जागेपर्यंतचं सगळं पुसतं, म्हणजे अख्खा पत्ता जातो. ऑल्ट-बॅकस्पेस तिरप्या रेघेपाशी थांबतं आणि चुकलेलं नाव तेवढं जातं. एडिटरच्या प्रॉम्प्टमध्येही या दोन्ही आज्ञा असाव्यात, असं मला ठामपणे वाटतं. बोटांची सवय जागा बदलली म्हणून बदलत नाही. शिवाय पुसलेला मजकूर कंट्रोल-वायने परत आणता यायला हवा, बॅशमध्ये येतो तसा.

एडिटरसाठी पुसण्याच्या या आज्ञांचा कोड लिहिताना कर्सर कुठवर सरकेल ते आधी शोधावं आणि मग मधला मजकूर काढावा. म्हणजे सरकणं आणि पुसणं यांची सीमा एकच राहते. पुसून झाल्यावर, टाइप करताना प्रॉम्प्टपाशी दिसणाऱ्या सुचवण्यांची यादीही नव्याने काढायला हवी, नाहीतर पुसलेल्या मजकुरासाठीच्या सुचवण्या तशाच दिसत राहतात.

अक्षराचा प्रश्न शब्दाहून नाजूक आहे. 'क्षि' आपल्याला एकच अक्षर दिसतं. युनिकोडमध्ये, म्हणजे लिपींच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, मात्र ती चार चिन्हं आहेत: क, हलन्त, ष आणि वेलांटी. ही चिन्हं साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत त्यांचे 12 बाइट होतात. एकच बाइट पुसला तर मजकूर बिघडतो. मागे पुसताना फक्त वेलांटी जावी, कारण बहुधा चूक तिथेच झालेली असते. पुढचं पुसताना मात्र पूर्ण अक्षर जावं, अर्धवट उरलेली वेलांटी कुणालाच नको असते.

खरी अडचण कधीकधी कळफलकापासूनच सुरू होते. अॅस्की या इंग्रजी अक्षरांच्या जुन्या क्रमांक-पद्धतीत पुसण्याच्या चिन्हाचा क्रमांक 127, म्हणजे सातही बिट 1. पूर्वी मजकूर भोकं पाडून कागदी फितीवर साठवत, तेव्हा चुकलेल्या अक्षराच्या जागी सातही भोकं पाडली, की ते रद्द व्हायचं. बॅकस्पेसचा क्रमांक मात्र 8, आणि एच हे आठवं अक्षर असल्याने कंट्रोल-एचही 8 च पाठवतं. कित्येक टर्मिनलांत, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडक्यांत, शब्द पुसायला कंट्रोल-बॅकस्पेस दाबल्यावरही हाच 8 जातो. मग एक अक्षर पुसायचं की अख्खा शब्द, हे एडिटरला कळायला मार्गच उरत नाही.