बिल्ला खिशात, चपला फळीवर

निपाणीत झेरॉक्सच्या दुकानात एक काका दोन्ही राज्यांची कामं एकाच कॉम्प्युटरवर उरकत होते. एका टॅबमध्ये कर्नाटकचं सेवा सिंधू, दुसऱ्यात महाराष्ट्राचं आपले सरकार. उठताना त्यांनी ब्राउझरची फुली दाबली आणि म्हणाले, “झालं, सेशन गेलं बघा.” बहुतेक गेलं नव्हतं.

सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जाताना चपला ठेवल्या की हातात बिल्ला येतो. कुकी, म्हणजे साइट तुमच्या ब्राउझरकडे ठेवायला देते ती छोटी नोंद, हा तो बिल्ला. सेशन म्हणजे स्टँडवाल्याच्या फळीवरची त्या नंबराची जागा. वेब मुळातच विसरभोळं, मागच्या क्लिकला तुम्हीच होतात हे त्याला आठवत नाही. म्हणून १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू माँटुलीने कुकी आणली. पासवर्ड एकदा तपासला की सर्व्हर (साइटचा कॉम्प्युटर, म्हणजे आपला स्टँडवाला) एक लांबलचक नंबर कुकीत घालून देतो. तुम्ही कोण, अर्ज कुठवर भरलाय, हे सारं त्याच्याकडेच राहतं. (काही साइट ही माहिती डिजिटल सही करून कुकीतच कोंबतात, पण कुकीत मावतं जेमतेम ४ केबी.)

बिल्ला हरवला तरी चपला फळीवरच असतात. तसंच, कुकी पुसली तरी सेशन मुदत संपेपर्यंत सर्व्हरवर पडून राहतं. उलट, अर्धा फॉर्म टाकून चहाला गेलात आणि स्टँड बंद झाला, तर बिल्ला खिशात असून काय उपयोग? पीएचपी या साइट बांधायच्या भाषेत मूळ मुदत १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. साइटवाले ती बदलू शकतात.

खरी भीती बिल्ला चोरीला जाण्याची. स्टँडवाला तोंड बघत नाही. चोरलेल्या कुकीला सहसा पासवर्डही विचारत नाहीत, ओटीपीही नाही.

काकांची गफलत नावामुळे झाली. मुदतीची तारीख नसलेल्या कुकीला ‘सेशन कुकी’ म्हणतात, ती ब्राउझर बंद केल्यावर जायला हवी. पण ‘मागच्या वेळचे टॅब उघडा’ ही सेटिंग चालू असेल तर क्रोम तीही जपून ठेवतो. लॉगआउट दाबलं की नीट बांधलेली साइट फळीवरची जागाच रिकामी करते.

सेवा सिंधूचा बिल्ला आपले सरकारला चालत नाही, त्यामुळे दोन टॅबांचं भांडण नाही. भांडण होतं ते बापलेकांनी एकाच साइटवर, एकाच ब्राउझरमध्ये लॉगिन केलं तर. दुसरा बिल्ला पहिल्यावर बसतो आणि बापाच्या टॅबमध्ये लेकाचं नाव दिसतं. अशा वेळी एकाने इन्कॉग्निटो (खाजगी) खिडकी उघडावी, तिचे बिल्ले वेगळे असतात.