झाडं लावून संपवलेलं गवत

तमिळनाडूतल्या नीलगिरी डोंगरांच्या माथ्यावरची गवताळ कुरणं जंगलतोडीने नाही, झाडं लावल्याने आक्रसली. उतारांवर गवत आणि घळींमध्ये 'शोला' हे ठेंगणं, दाट रान, ही तिथली मूळची घडण. जंगल तोडून कुरणं झाली असावीत, असं अनेकांना वाटे. पण दलदलीतल्या पीटचे, म्हणजे अर्धवट कुजून साचलेल्या झाडपाल्याचे, थर तपासल्यावर वीस हजार वर्षांपूर्वीही तिथे गवत होतं असं दिसलं.

१८१९ मध्ये कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन वर पोचला आणि पुढे उटी वसली. साहेबांच्या शेकोट्यांपायी जवळचे शोला तुटू लागले, तेव्हा सरपणाला ऑस्ट्रेलियातून वॅटल (बाभळीच्या कुळातलं झाड) आणि युकॅलिप्टस आले. गॉर्स आणि स्कॉच ब्रूम ही पिवळ्या फुलांची विलायती झुडपंही आली. कुरणांवर तिथल्या तोडा आदिवासींच्या म्हशी चरत, त्यांची देवळं तिथल्याच गवताने शाकारली जात. सरकारी दप्तरात मात्र ती जमीन पडीक. (पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प हे परदेशी झाड लावताना आपणही काही वेगळा विचार केला नाही.)

खरा तडाखा स्वातंत्र्यानंतर बसला. कातडी कमवायला वॅटलची साल हवी, रेयॉनच्या लगद्याला युकॅलिप्टस हवा, म्हणून वनखात्याने माळच्या माळ लागवडीखाली आणले. शेजारच्या पळणी डोंगरांत शेती आणि लागवडीने चार दशकांत दोन-तृतीयांश गवताळ प्रदेश गिळला. केरळातलं एराविकुलम बचावलं, कारण चहामळेवाल्या साहेबांनी ते शिकारीसाठी राखलं होतं!

पुढे लागवड थांबली, वॅटल थांबला नाही. त्याचं काळं, टणक बी मातीत दशकानुदशकं टिकतं. वणव्याच्या धगीने कवच उलतं आणि राखेतून रोपांचं रान उठतं. सावली धरली की खालचं गवत मरतं. मग नीलगिरी तहर या रानबकऱ्याचा चारा जातो, नीलगिरी पिपिट या पक्ष्याची घरट्याची जागा जाते आणि आपल्या कारवीची चुलतबहीण, बारा वर्षांनी फुलणारी कुरिंजीही मागे हटते.

२०२२ मध्ये तमिळनाडूने परकी वनस्पती हटवण्याचं धोरण आणलं. पण सरसकट तोड केली की उघड्या मातीत पुन्हा वॅटलच उगवतो. शिवाय जुन्या वॅटलच्या सावलीत काही ठिकाणी शोलाची रोपं रुजली आहेत. त्यामुळे जुन्या राया तूर्त राहू द्याव्यात, गवतात नव्याने शिरणारी कोवळी रोपं आधी उपटावीत, असा काही संशोधकांचा आग्रह आहे.