टोकन कमावलेलं आणि टोकन विकत घेतलेलं

सुदामानगर असो, लोकमान्यनगर असो की रामबाग, इंदूरच्या मराठी घरांत हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आमचा मुलगा क्रिप्टोत इन्व्हेस्ट करतो." जरा खोदून विचारलं की कळतं, मुलानं खिशातला रुपयाही घातलेला नाही. तो स्वतःचं नाणं काढणाऱ्या एखाद्या क्रिप्टो प्रोजेक्टच्या पोस्ट रोज शेअर करतो, टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये माणसं आणतो, दीड मिनिटाच्या रील्स बनवतो आणि त्याबद्दल त्याच्या वॉलेटमध्ये, म्हणजे मोबाइलवरच्या क्रिप्टोच्या खात्यात, टोकनं, म्हणजे त्या प्रोजेक्टची डिजिटल नाणी, जमा होतात. त्याच गल्लीतल्या त्याच्याच वयाच्या मुलीनं पगारातून वाचवलेले 60,000 रुपये घालून एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टोच्या ऑनलाइन बाजारात, तेच टोकन विकत घेतलेलं असतं. दोघांच्या मोबाइलवर आकडा सारखा, हिरवी-लाल रेघ सारखी. घरचे दोघांनाही गुंतवणूकदार म्हणतात. प्रोजेक्टवाल्यांनाही ते सोयीचंच असतं. "आमचे इतके हजार इन्व्हेस्टर" असं सांगताना त्यातल्या किती जणांनी पैसे घातले ते कोण विचारतंय?

माझं काम लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्नं भरण्याचं. त्यामुळे हा फरक माझ्यासमोर कागदावर येतो आणि तिथे "दोन्ही एकच हो काका" म्हणून भागत नाही.

सराफ्यातलं उदाहरण घ्या. एका माणसानं दुकानातून 2 ग्रॅम सोनं विकत घेतलं. त्याच दुकानाच्या माडीवर बसणाऱ्या कारागिराला मजुरीपोटी 2 ग्रॅम सोनं मिळालं. संध्याकाळी दोघांच्या खिशात तितकंच सोनं आहे. पण पहिल्यानं पैसा अडकवला, दुसऱ्यानं घाम गाळला. भाव पडला तर पहिल्याचं भांडवल गेलं, दुसऱ्याची मजुरी घटली. दुसऱ्याला त्या दिवशी गुंतवणूकदार कुणी म्हणणार नाही. फरक एवढाच की कारागीर शेजारच्या दुकानात सोनं मोडून घरी जाऊ शकतो. टोकनवाल्या मुलाला ते बहुतेक वेळा जमत नाही, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

टोकनांच्या बदल्यात जाहिरात करण्याच्या या कामाला आणि त्याच्या मोबदल्याला त्या दुनियेत बाउंटी म्हणतात. इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या होस्टेलांत राहणाऱ्या मुलांना हे तोंडपाठ आहे. एक शेअर केलेली शीट असते. एका रांगेत तुमचं युजरनेम, फॉलोअर किती, या आठवड्यात किती पोस्ट, किती रिट्वीट आणि शेवटच्या रकान्यात तुमचे "स्टेक". नावावरून वाटतं की काहीतरी पणाला लावलंय, पण इथे स्टेक म्हणजे नुसते गुण. प्रोजेक्टनं एकूण टोकनांचा एक हिस्सा बाउंटीसाठी बाजूला काढलेला असतो आणि तो सगळ्यांच्या गुणांच्या प्रमाणात वाटला जातो. म्हणजे तुम्ही जितकी जास्त माणसं या कामाला लावाल तितका तुमचाच वाटा लहान होतो. एका टोकनची किंमत काय, ते काम संपेपर्यंत ठरलेलं नसतं. कॅम्पेन चालवणाऱ्याला तुमची पोस्ट पसंत पडली नाही तर रांगेसमोर "रिजेक्टेड" लिहून तो मोकळा. शेवटी टोकनं मिळाली तरी पुष्कळदा सहा-सहा महिने लॉक, म्हणजे विकता येत नाहीत. मजुरी किती, कधी आणि कशात मिळणार हे माहीत नसताना केलेली ही मजुरी आहे. जोखीम आहेच, आणि जोखीम आहे म्हणून मुलाला आपण गुंतवणूकदार वाटतो. पण उधारीवर काम करणाऱ्या प्रत्येकालाच जोखीम असते.

आता कायदा. या प्रश्नावर सगळ्यात जास्त डोकेफोड अमेरिकेत झाली आहे, आणि ती वाचण्यासारखी आहे. तिथल्या सुप्रीम कोर्टानं 1946 साली हॉवी खटल्यात एक कसोटी ठरवून दिली. खटला होता फ्लोरिडातल्या संत्र्यांच्या बागांचा. पैसा घातला, तो सामाईक उद्योगात घातला, नफ्याची अपेक्षा ठेवली आणि तो नफा दुसऱ्याच्या मेहनतीतून यायचा असेल, तर तो गुंतवणुकीचा करार. टोकनांचे खटले आजही याच कसोटीवर लढवले जातात.

पैसा घातला म्हणजे रोकडाच घालायला हवा का? 1979 च्या टीमस्टर्स विरुद्ध डॅनिएल या खटल्यात एका ट्रकचालकाच्या पेन्शनचा वाद होता. कोर्ट म्हणालं, हा माणूस पोट भरण्यासाठी श्रम विकत होता, गुंतवणूक करत नव्हता. पण त्याच निकालात हेही नोंदवलं की गुंतवणूक वस्तू किंवा सेवेच्या रूपातही असू शकते. म्हणजे दार बंद केलं, पण कडी लावली नाही.

त्या दारातून 2018 साली अमेरिकेचा, शेअरबाजारावर नजर ठेवणाऱ्या आपल्या सेबीसारखा नियामक, सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन, आत शिरला. टॉमाहॉक नावाच्या तेलाच्या कंपनीनं टोकन विक्रीला काढलं. विक्रीतून काहीच उभं राहिलं नाही, पण जाहिरात करणाऱ्यांना बाउंटी म्हणून 80,000 हून जास्त टोकनं वाटली गेली. कमिशन म्हणालं, पैसे घेतले नाहीत म्हणून विक्री झाली नाही असं होत नाही. टोकनांच्या बदल्यात तुम्हाला प्रसिद्धी मिळाली, तोच मोबदला. 1999 साली इंटरनेटवर "फुकट शेअर" वाटणाऱ्यांनाही कमिशननं हेच ऐकवलं होतं. मग जुलै 2023 मध्ये रिपल या क्रिप्टो कंपनीच्या खटल्यात न्यायालयानं नेमकी दुसरी बाजू घेतली: कर्मचाऱ्यांना आणि इतरांना कामाच्या किंवा सेवेच्या मोबदल्यात दिलेलं एक्सआरपी हे टोकन ही गुंतवणूक नव्हे, कारण त्यांनी रिपलला पैसा दिलाच नव्हता.

हे दोन निकाल एकमेकांच्या विरुद्ध आहेत असं बहुतेक लोक म्हणतात. मला ते पुरतं पटत नाही. टॉमाहॉकच्या प्रकरणात आरोपीच्या पिंजऱ्यात कंपनी होती. प्रश्न होता, नोंदणी न करता तू हे कागद बाजारात सोडलेस का? ज्याच्या हातात टोकन गेलं त्याला गुंतवणूकदाराचा मान देणं हा त्याचा हेतू नव्हता. बाउंटीवाला उद्या ते दुसऱ्याला विकणार आणि तो दुसरा खरे पैसे मोजणार, ही भीती होती. कंपनीनं विक्री केली की नाही हा एक प्रश्न, आणि घेणारा गुंतवणूकदार ठरतो की नाही हा दुसरा. पहिल्याचं उत्तर "हो" असलं म्हणून दुसऱ्याचंही "हो"च असेल असं नाही.

जाहिरात करून टोकन घेणाऱ्याकडे अमेरिकन कायदा थेट पाहतो तेव्हा त्याला काय समजतो, त्याचं चोख उदाहरण म्हणजे नट स्टीव्हन सीगल. बिटकॉइनटूजेन नावाच्या टोकनची जाहिरात करण्यासाठी त्याला अडीच लाख डॉलर रोख आणि साडेसात लाख डॉलरची टोकनं कबूल केली होती. हे त्यानं लोकांना सांगितलं नाही. 2020 मध्ये मिळालेले 1,57,000 डॉलर परत आणि तेवढाच दंड, शिवाय तीन वर्षं असली जाहिरात बंद, यावर प्रकरण मिटलं. त्याच्याकडे टोकनं होती म्हणून त्याला कुणी "बिचारा गुंतवणूकदार" म्हटलं नाही. तो विकणाऱ्यांच्या बाजूला उभा होता.

आपल्याकडे टोकनं सेबीच्या देखरेखीखाली नाहीत, त्यामुळे हा वाद त्या वाटेनं येत नाही. पण विकणाऱ्याच्या बाजूला उभं राहिल्याची जबाबदारी येतेच. क्रिप्टोच्या जाहिरातीत हे उत्पादन अनियंत्रित आहे, जोखमीचं आहे आणि नुकसान झालं तर नियामकाकडे दाद मागता येईलच असं नाही, ही सूचना द्यावी असं जाहिरातींच्या मानक परिषदेनं 1 एप्रिल 2022 पासून सांगितलं आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे फसवी जाहिरात करणाऱ्या चेहऱ्यालाही 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. होस्टेलमधला मुलगा म्हणेल, माझे फॉलोअर नऊशे, मी कसला चेहरा? त्याच्या मावशीनं त्याच्याच रीलवर भरवसा ठेवून पैसे टाकले असतील तर तिच्यापुरता चेहरा तोच.

आता माझ्या टेबलावरचा भाग, टॅक्सचा. 2022 पासून क्रिप्टो विकून झालेल्या नफ्यावर सरसकट 30 टक्के कर, वर 4 टक्के सेस. खरेदी किंमत सोडून कुठलाही खर्च वजा होत नाही, तोटा दुसऱ्या कशात वळता करता येत नाही, पुढच्या वर्षात ओढताही येत नाही. मुलीचा हिशेब सोपा आहे: 60,000 ला घेतलं, 90,000 ला विकलं, नफा 30,000, कर 9,360.

मुलाच्या हिशेबाला दोन पायऱ्या आहेत. टोकनं मिळाली त्या दिवशी त्यांचा बाजारभाव 60,000 होता, तर ते त्याच्या कामाचं उत्पन्न, इतर कमाईसारखं स्लॅबमध्ये धरायचं. ज्या रकमेवर मेहनताना म्हणून हिशेब झाला, तीच पुढच्या विक्रीसाठी खरेदी किंमत. बाकी काही कमाई नसेल तर नव्या करप्रणालीत पहिल्या पायरीवर त्याला काहीच भरावं लागत नाही. पुढे 90,000 ला विकली तर 30,000 वर तेच 9,360. पण तो येऊन सांगतो, "मी इन्व्हेस्टर आहे, फुकटात मिळालीत." फुकटात म्हणजे खरेदी किंमत शून्य, म्हणजे पूर्ण 90,000 हा नफा आणि कर 28,080. इन्व्हेस्टर म्हणवून घेण्याची हौस त्याला 18,720 रुपयांना पडते.

उलटही होतं. तोच मुलगा चांगल्या पगारावर, 24 लाखांच्या वरच्या स्लॅबमध्ये असेल आणि टोकन 60,000 वरून 20,000 वर आपटलं असेल, तर पहिल्या पायरीवर 18,720 कर आणि हातात आले 20,000. उरले 1,280. 40,000 चा तोटा कुठेच जिरत नाही. अशा वेळी सगळ्यांनाच टोकनं "फुकट" मिळालेली आठवतात, कारण तसं धरलं तर कर 6,240 वर सुटतो. पण हे आपल्या मर्जीवर नसतं. काम केलं, त्याचा मोबदला आला, तर तो आधी उत्पन्न आहे. रील्स करणाऱ्याला कंपनीनं दिलेला मोबाइल त्यानं ठेवून घेतला तर तो लाभ धरायचा आणि परत केला तर नाही, असं आयकर खात्यानं जून 2022 च्या परिपत्रकात सांगितलंच आहे. टोकन तर कुणी परत करत नाही.

मग हा मुलगा गुंतवणूकदार कधीच होत नाही का? होतो. लॉक उघडल्यावर, विकता येत असताना, भाव समोर दिसत असताना तो "अजून वर जाईल" म्हणून थांबतो, त्या घटकेला. त्या दिवसापासून त्यानं 60,000 रुपये त्या टोकनात ठेवलेत असंच म्हणायला हवं. मुलीत आणि त्याच्यात उरतो तो एवढाच फरक, की तिनं खात्यातून पैसे काढून ठेवले आणि त्यानं मजुरी उचलली नाही. ज्याला विकायचंय पण लॉकमुळे विकता येत नाही, तो मात्र अजून पगाराच्या रांगेतच उभा आहे. मालकीचं म्हणाल तर दोघेही मालकच. क्रिप्टो ही मालमत्ता आहे असं मद्रास उच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2025 मध्ये म्हटलंच आहे.

एक तिसरा प्रकार या दोघांत मिसळला जातो, त्याचं थोडक्यात सांगतो. पोस्टबद्दल नाही, तर तुम्ही आणलेल्या माणसानं पैसे भरले की टोकन मिळतं, आणि त्यानं आणलेल्यानं भरले की आणखी मिळतं. हा एजंट. महिन्याला 10 टक्क्यांचं आमिष दाखवणाऱ्या गेनबिटकॉइन योजनेची साखळी अशीच वाढली आणि पुण्यात गुन्हे दाखल झाले ते आपल्या लोकांनी पाहिलंय. पैसे फिरवणाऱ्या योजनांवरच्या 1978 च्या बंदी कायद्यात योजना चालवणं तर आलंच, सभासद जोडणंही आलं.

प्रोजेक्ट बुडाला की फरक उघडा पडतो. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन लावला की विचारतात: किती रुपये गेले, कोणत्या खात्यातून, व्यवहाराचा नंबर काय? मुलीकडे सगळं आहे, यूपीआयची नोंद, एक्स्चेंजचं स्टेटमेंट. मुलाकडे शीटमधली एक रांग आहे, तीही वाचण्यापुरती, आणि ॲडमिन डिलीट होऊन गेलेला टेलिग्राम ग्रुप. त्याचे रुपये गेलेलेच नाहीत, त्याची थकबाकी बुडाली आहे, आणि ती कुणाकडे मागायची त्याचा पत्ता त्याच्याकडे नाही.

ज्यांनी दोन्ही केलंय, थोडी टोकनं कमावली आणि भाव चढताना थोडी विकतही घेतली, त्यांनी वॉलेट दोन ठेवावीत. एकात मिसळली की कोणती विकली हे जुलैत रिटर्न भरताना मलाही सांगता येत नाही आणि तुम्हालाही. कमावलेली टोकनं ज्या दिवशी आली त्या दिवशीच्या भावाचा स्क्रीनशॉट, तारखेसकट, त्याच दिवशी काढून ठेवा. नंतर तो भाव शोधायला जाल तेव्हा टोकनच यादीतून उडालेलं असतं.