थीम आणि थीमची निवड: ॲपनं नेमकं काय लक्षात ठेवायचं?

डार्क मोड बसवताना दोन गोष्टींची हमखास गल्लत होते. एक म्हणजे या क्षणी पडद्यावर दिसणारी थीम, आणि दुसरी म्हणजे वापरणाऱ्यानं सेटिंगमध्ये केलेली निवड. एरवी दोन्ही जुळतात, म्हणून फरक जाणवत नाही. जुळेनाशा झाल्या की ॲप माणसाचं ऐकत नाही असं वाटू लागतं, आणि वयस्क वाचक तर ते सरळ उघडणंच सोडून देतात.

बडोद्यात आम्ही काही जण मराठी वाचकांसाठी ग्रंथालयाचं एक छोटं ॲप फ्लटर या ॲप बनवण्याच्या साधनात करतो आहोत. एकाच घरात आजोबांकडे अँड्रॉइड, नातवाकडे आयफोन, सुनेच्या टेबलावर विंडोज लॅपटॉप. फ्लटरमुळे एकाच कोडमधून तिन्हीकडे ॲप चालतं. पण सेटिंग नीट जपणं हे काम फ्लटर आपल्यासाठी करत नाही, ते आपणच करायचं असतं.

समजा, दांडिया बाजारात राहणाऱ्या एका काकूंच्या फोनला सूर्यास्तानंतर आपोआप डार्क होण्याची सोय चालू आहे. त्यांनी रात्री ॲप पहिल्यांदा उघडलं. ॲपनं पाहिलं, फोन डार्क आहे. लगेच ‘डार्क: हो’ अशी नोंद करून ठेवली. सकाळी फोन उजळला, ॲप मात्र काळंच. काकूंनी काहीच निवडलं नव्हतं, तरी त्यांच्या नावावर एक निवड चढली. ॲपनं इथे परिणाम साठवला, आणि जपायची होती ती निवड.

‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच साठवणाऱ्या बूलियनमध्ये हा घोटाळा आधीच दडलेला असतो. कारण निवडी तीन आहेत: कायम लाइट, कायम डार्क, आणि फोनप्रमाणे. अँड्रॉइड १० आणि आयओएस १३ या दोन्ही आवृत्त्या २०१९ मध्ये आल्या आणि संपूर्ण फोनला डार्क करण्याची सोय घेऊन आल्या. तेव्हापासून तिसरी निवड टाळता येत नाही. फ्लटरच्या थीममोड या निवडीच्या प्रकारातही सिस्टिम (म्हणजे फोनप्रमाणे), लाइट आणि डार्क अशा तीनच किमती आहेत, आणि काहीच सांगितलं नाही तर सिस्टिम धरली जाते. मटेरिअलॲपला, म्हणजे सगळं ॲप ज्यात गुंडाळलेलं असतं त्या फ्लटरच्या घटकाला, थीम आणि डार्कथीम ही दोन रूपं द्यायची, थीममोडमध्ये निवड द्यायची. आत्ता कोणतं रूप दाखवायचं ते फ्लटर स्वतः ठरवतं. डार्कथीम द्यायचीच राहिली, तर डार्क निवडूनही साधी थीमच दिसते. ‘सेटिंग सेव्ह होत नाही’ अशी तक्रार आली की मी हे आधी तपासतो.

साठवण्यासाठी शेअर्ड प्रेफरन्सेस हे छोट्या नोंदी जपणारं तयार पॅकेज पुरेसं आहे. आयफोनवर ते यूझर डिफॉल्ट्स या सेटिंगच्या साठ्यात लिहितं, वेबवर ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये, विंडोजवर एका फाइलमध्ये. त्यात थीममोडचं नाव मजकूर म्हणून लिहावं, क्रमांक नको: पुढे कुणी यादीचा क्रम बदलला तर जुन्या क्रमांकाचा अर्थ उलटतो. वाचताना ओळखीचं नाव सापडलं नाही, तर गुपचूप सिस्टिम धरावी. मात्र लॉगिनचं टोकन, म्हणजे सदस्याची ओळख पटवणारी गुप्त खूण, इथे ठेवू नका. त्यासाठी आयफोनवर कीचेन आणि अँड्रॉइडवर कीस्टोर वापरणारी सुरक्षित साठवण वेगळी असते. शिवाय या पॅकेजचे कर्तेच सांगतात की लिहिलेलं लगेच डिस्कवर उतरेलच याची हमी नाही. थीमसाठी तेवढं चालतं, वर्गणीच्या हिशेबासाठी नाही.

साठवलेली निवड वाचायला क्षणभर लागतो, आणि तेवढ्यात पहिला पडदा रंगून झालेला असतो. म्हणून रात्री ॲप उघडताना डोळ्यांवर पांढरा झगझगाट येतो. उपाय सोपा आहे: पडदा रंगवायला सुरुवात करणाऱ्या रनॲपच्या आधी निवड वाचून घ्यायची आणि मगच ॲप सुरू करायचं. त्यासाठी फ्लटर आधी तयार असावं लागतं, म्हणून मेन या सुरुवातीच्या फंक्शनच्या पहिल्या ओळीत विजेट्सफ्लटरबाइंडिंगचं एन्शुअरइनिशियलाइज्ड बोलवावं लागतं. एवढं करूनही ॲप उघडेपर्यंत दिसणारा स्प्लॅश पडदा अँड्रॉइडच्या स्वतःच्या स्टाइल फाइलवरून येतो, आणि तो फोनची थीम पाहतो, तुमची साठवलेली निवड पाहत नाही. तिथे दोन्हींत खपेल असा मध्यम रंग ठेवणं मला बरं वाटतं.

हाच फरक भाषेला लागू होतो, आणि बडोद्यात तो थीमहून जास्त महत्त्वाचा आहे. इथे कितीतरी मराठी माणसांचा फोन गुजरातीत किंवा इंग्रजीत असतो, वाचायचं मात्र मराठीत असतं. फोनची भाषा ही त्यांची निवड समजलो, तर मराठी ग्रंथालयाचं ॲप मराठी माणसालाच गुजरातीत भेटेल. मटेरिअलॲपमध्ये लोकेल, म्हणजे भाषेची जागा, रिकामं ठेवलं की फोनची भाषा चालते. ती ॲपला येणाऱ्या भाषांच्या यादीत नसेल तर यादीतली पहिली भाषा येते. म्हणून यादीत मराठी पहिली ठेवावी, आणि सेटिंगमध्ये मराठी, गुजराती व ‘फोनप्रमाणे’ असे तीन पर्याय द्यावेत. अक्षरांच्या आकाराचंही तसंच: ज्यांनी फोनमध्येच अक्षरं मोठी केली आहेत त्यांचं माप पुसून आपलं लादायचं नाही, त्यावरच आपली वाढ चढवायची.

तपासताना ॲप उघडं ठेवून फोनची थीम बदला. ‘फोनप्रमाणे’ निवडलं असेल तर ॲप तिथल्या तिथे बदललं पाहिजे. ‘कायम लाइट’ असेल तर अजिबात बदलता कामा नये. मग ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा आणि सेटिंगच्या पानावर तीच निवड टिकली आहे का ते बघा. नुसता पडद्याचा रंग पाहून खात्री होत नाही.

एकच सदस्य फोनवर आणि लॅपटॉपवर ॲप वापरत असेल, तर भाषा खात्याबरोबर सगळीकडे न्यावी, कारण मराठीत वाचायचं हे त्या माणसाबद्दलचं आहे. थीम मात्र त्या त्या उपकरणावरच राहू द्यावी: रात्री अंथरुणात धरलेला फोन आणि दिवसा खिडकीजवळ ठेवलेला लॅपटॉप यांना एकच प्रकाश लागत नाही.